परसदारचा डेक आणि जमिनीखालची जुनी टाकी

प्रश्न : आमचा पुण्यातील बंगला वडिलांनी १९७४ साली बांधला. पुढे घराचे ड्रेनेज महापालिकेच्या वाहिनीला जोडले गेले. आता परसदारी १५ फूट लांब व १० फूट रुंद लाकडी डेक करण्यासाठी खोदकाम सुरू केले, तेव्हा लोखंडी कड्या असलेले काँक्रीटचे झाकण, त्यापलीकडे विटांच्या रोड्याने भरलेला गोल खड्डा आणि कुंपणालगत एक चेंबर सापडले. स्लॅब भक्कम आहे, त्यावरच डेकचे खांब टेकवू, असे ठेकेदार म्हणतो. त्याचे ऐकावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ऐकू नये. आपण वर्णन केलेले झाकण बहुधा जुन्या सेप्टिक टाकीचे आणि गोल खड्डा तिचा शोषखड्डा, म्हणजे टाकीतले पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, असावा. अशा टाकीचा स्लॅब वरून कितीही ठणठणीत दिसला, तरी त्याची झीज खालच्या अंगाने होते. मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचे ओलसर काँक्रीटवरील जिवाणू सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात; ते आम्ल सिमेंट खाते, मग आतल्या सळया गंजून फुगतात आणि स्लॅबचे पापुद्रे टाकीत पडू लागतात. वर पाय आपटून पाहणाऱ्या ठेकेदाराला यातले काहीच कळत नाही.

खोदकाम थांबवून, या तिन्हींपैकी काय वापरात आहे हे आधी ठरवावे. प्रत्येक संडासात, न्हाणीत आणि स्वयंपाकघराच्या मोरीत पाळीपाळीने रंग मिसळलेले बादलीभर पाणी ओतावे आणि ते कुंपणाजवळच्या चेंबरमध्ये उतरते का ते पाहावे. एखाद्या ठिकाणचे पाणी तिथे पोहोचलेच नाही, तर तिथला सांडपाण्याचा नळ अजूनही टाकीत जात असण्याची शक्यता आहे. नवी जोडणी करताना मागच्या बाजूची एखादी मोरी विसरून जाणे, हा प्रकार जुन्या घरांत मला अनेकदा आढळला आहे.

टाकी उघडताना कोणीही आत वाकू नये, उतरू तर मुळीच नये, आणि जवळ विडी-काडी पेटवू नये. आत मिथेन असू शकतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढता येत नाही. सुरक्षा साधनांविना माणूस उतरवून टाकी साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उपसा टँकरच्या पंपानेच करून घ्यावा.

टाकी निकामी असल्याची खात्री झाली, की घराकडून येणाऱ्या नळाचे तोंड काँक्रीटने बंद करावे, म्हणजे उंदरांची वाटही बंद होते. स्लॅब बाहेरून फोडून काढावा आणि पाणी साचू नये म्हणून तळालाही वरूनच भोके पाडून घ्यावीत. मग डबर व मुरूम यांचे १५ ते २० सेंटिमीटरचे थर पाणी मारून, धुमस करून (ठोकून घट्ट करून) भरत यावे. खोदकामातून निघालेली काळी माती आयती हाताशी असते आणि ठेकेदाराला ती खड्ड्यात ढकलण्याचा मोह होतो. पण ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती इथे नको. शोषखड्ड्यातला रोडा काढून तोही असाच भरावा. कितीही धुमस केली तरी भराव थोडा बसतोच. तेव्हा डेकचे खांब जुन्या खड्ड्यांच्या कडांपासून दूर, मूळ घट्ट जमिनीत घ्यावेत आणि मधला भाग तुळ्यांनी पार करावा. तुळ्यांचा आकार अभियंत्याकडून ठरवून घेतलेला बरा.

वापरातल्या चेंबरचे मात्र उलट आहे : ते बुजवायचे नाही आणि कायमचे झाकायचेही नाही. त्याच्या झाकणावर डेकचा भार येऊ न देता, बरोबर वरच्या जागी झाकणापेक्षा चहूबाजूंनी मोठी, उचलता येणारी फळ्यांची चौकट ठेवावी. तिचे स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. चोंदलेली वाहिनी मोकळी करणाऱ्या कामगाराला उभे राहून लांब पट्टी आत सरकवता यायला हवी, त्यामुळे चेंबरलगत बाकडे किंवा जड कुंड्या कायमच्या बसवू नयेत.

ज्यांच्या घरी सेप्टिक टाकी अजून चालू आहे, त्यांनी टाकीवर डेक न केलेलाच उत्तम. करायचाच असेल तर वायू बाहेर सोडणारा उभा नळ डेकच्या फळ्यांखाली कापून टाकू नये, आणि टँकरची नळी पोहोचेल अशी वाट मोकळी ठेवावी.