विन्सनची उंची आणि त्याचे नाव

प्रश्न : वडिलांच्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये अंटार्क्टिकातील सर्वोच्च शिखर विन्सनची उंची ५१४० मीटर छापलेली आहे, तर खजुरी बाजारातून मुलीसाठी आणलेल्या पुस्तकात ती ४८९२ मीटर आहे. हा २४८ मीटरचा फरक कशामुळे? आणि जिथे वस्तीच नाही, तिथल्या डोंगराचे बारसे करते कोण?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वडिलांचा अ‍ॅटलास कृपया रद्दीत घालू नये; त्यातला आकडा त्या काळी सर्वमान्य होता. दक्षिण ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटरवर, एल्सवर्थ पर्वताच्या सेंटिनेल रांगेत असलेले हे शिखर १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या विमानातून प्रथम दिसले, त्यामुळे सुरुवातीची उंची दुरूनच ठरवावी लागली. १९७९-८०च्या सर्वेक्षणानंतर ती ४८९७ मीटर धरली जाऊ लागली आणि २००४ साली गिर्यारोहकांनी जीपीएस यंत्र थेट माथ्यावर नेले, तेव्हा ४८९२ हा आकडा आला. आपण पचमढीचा धूपगड चढला असाल, तर तशा साडेतीन धूपगडांहूनही हे शिखर उंच आहे.

नावाची कथा मला अधिक महत्त्वाची वाटते. धूपगड हे नाव तिथले ऊन पाहणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून आले. विन्सनला तशी माणसेच नव्हती. अंटार्क्टिकाच्या संशोधनासाठी सरकारी पाठबळ मिळवून देणारे जॉर्जिया राज्याचे अमेरिकी संसद सदस्य कार्ल विन्सन यांचे नाव त्याला देण्यात आले आणि माथ्यावर पहिले पाऊल पडले ते त्यानंतर, डिसेंबर १९६६मध्ये. मोहिमेसाठी पैसा उभा करणाऱ्याची आठवण नकाशावर राहावी यात मला काही गैर दिसत नाही, कारण त्याशिवाय तिथवर विमानच पोहोचले नसते.

१९५९च्या अंटार्क्टिक करारानुसार तिथले सार्वभौमत्वाचे दावे गोठवलेले असल्याने नावे देणारी एकच अधिकारी संस्था नाही. निरनिराळ्या देशांच्या समित्या आपापली नावे ठरवतात, एकाच डोंगराला कधी दोन नावे पडतात, आणि ती सगळी एका आंतरराष्ट्रीय सूचीत एकत्र नोंदवली जातात.

मुलीच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट पाहावी. ‘विन्सन मॅसिफ’ हा सुमारे २१ किलोमीटर लांबीचा सगळा पर्वतसमूह आहे, तर ‘माउंट विन्सन’ हे त्यावरील सर्वोच्च शिखर. अमेरिकी नामसमितीने ही दोन नावे २००६ साली वेगळी केली, त्यामुळे जुन्या अ‍ॅटलासमध्ये शिखराच्या जागीही ‘मॅसिफ’च छापलेले आढळेल.