गोव्याच्या पावसात घोड्याला म्होरकी कोणती घ्यावी, चामड्याची की नायलॉनची?
नायलॉनचीच घ्या, पण कानामागचा पट्टा चामड्याचा असलेली. घोडा कुठे अडकून ओढाताण करू लागला तर चामडं तुटतं. निव्वळ नायलॉन तुटत नाही आणि मान दुखावते. कड्या-बकल पितळी बघा, आपल्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतंच.

नाकपट्टा गालाच्या हाडाखाली दोन बोटं असावा आणि त्याच्या आत दोन बोटं सहज जावीत. तो खाली घसरला तर नाकाच्या नाजूक भागावर दाब येतो, आणि नेमकं हेच बरेच जण बघत नाहीत.

चामड्याला पावसाळ्यात बुरशी धरते: पुसा, सावलीत वाळवा, मग थोडं तेल. नायलॉन घामाने कडक होऊन कातडी सोलतं, म्हणून साबणाने धूत जा. चरायला सोडताना मात्र म्होरकी काढाच, काजूच्या फांदीतसुद्धा अडकते.