वाचकांचे प्रश्न : नवतपातली दुपार आणि छोटे विमान

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मला खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला. मेअखेरीस, नवतपाच्या कडक उन्हाच्या दिवसांत, आई-बाबा काटोलहून येणार आहेत आणि त्यांना चार आसनी सेसना १७२ मधून रामटेकचा गड व खिंडसी तलाव दाखवण्याची माझी इच्छा आहे. ते जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचतील, म्हणून मी दुपारी दोनची वेळ ठरवली; परंतु ज्येष्ठ सहकारी सकाळी सहाचाच आग्रह धरतात. सोनेगाव विमानतळाची धावपट्टी ३,२०० मीटर लांब असताना एवढ्याशा विमानाला उन्हाची अडचण का यावी?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे योग्य आहे. आपल्या विमानाला त्या धावपट्टीचा तिसरा हिस्साही लागणार नाही. अडचण येते ती चाके जमिनीवरून सुटल्यानंतरच्या चढणीत. सोनेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फुटांवर आहे आणि प्रमाण वातावरणात, म्हणजे विमानांच्या हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, या उंचीवर तापमान १३ अंश धरले जाते. पारा ४५ अंशांवर गेला, की दर जादा अंशामागे सुमारे १२० फूट या हिशेबाने घनता-उंची ४,९०० फुटांच्या आसपास पोहोचते. म्हणजे उंचीमापक हजार फूट दाखवत असला, तरी विमानाला मिळते ती पाच हजार फुटांवरची विरळ हवा. तिच्यामुळे इंजिनाची शक्ती घटते आणि प्रोपेलरची ओढही कमी होते. शिवाय वेगमापकावर नेहमीचाच आकडा असताना विमान जमिनीवरून अधिक वेगाने धावत असते, त्यामुळे पुरेसा वेग आला असे समजून नवा वैमानिक नाक लवकर उचलण्याची चूक करतो.

मी स्वतः एका मे महिन्यात दुपारी अडीचला दोन प्रवाशांना घेऊन निघालो होतो. हिवाळ्यात मिनिटाला सहाशे फूट चढणारे तेच विमान तेव्हा तीनशेही चढत नव्हते, आणि तेलाचे तापमान वाढू लागल्यामुळे इंजिनाला वारा मिळावा म्हणून मला नाक खाली घ्यावे लागले, तेव्हा उरलीसुरली चढणही गेली. त्या दिवसापासून मी उन्हाळ्यात विमानाच्या पुस्तिकेतील तक्ता त्या दिवसाच्या तापमानाने आणि प्रत्येकाच्या खऱ्या वजनाने पाहिल्याशिवाय निघत नाही.

अर्थात, नवतपात सकाळी सहालाही हवा थंड नसते. पारा तीस अंशांवर असला, तर घनता-उंची तीन हजार फुटांच्या पुढेच राहते. तरीही मी सकाळच निवडतो, कारण तेव्हा हवा स्थिर असते. दुपारी वखरलेली काळी शेते तापून हवा वर फेकतात आणि खिंडसीच्या पाण्यावर आले की विमान अचानक खाली बसते. आपल्याला त्याची सवय झाली असेल. आई-बाबांना मात्र मळमळ होईल आणि गडाकडे पाहण्याची इच्छाही उरणार नाही. घारींवरूनही हे ओळखता येते : पंख न हलवता त्या गोल फिरत वर जाऊ लागल्या, की हवा तापली असे समजावे आणि त्या घिरट्यांपासून दूर राहावे.

रामटेक सोनेगावपासून हवाईमार्गाने सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे पाऊण तासाच्या आत जाऊन-येऊन होते. सकाळी जाताना सूर्य समोर उजवीकडे असतो, त्यामुळे कन्हान ओलांडेपर्यंत समोरची विमाने आणि पक्षी नीट दिसत नाहीत. तेवढा वेळ गप्पा टाळाव्यात. आई-बाबांना आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवावे.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आकाश निरभ्र असूनही सकाळची उड्डाणे का थांबवावी लागतात?
— एक प्रशिक्षणार्थी, नागपूर

उत्तर : हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकून पडते. धूर आणि धूळ त्याच थरात साचतात. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर वर न जाता आडवा पसरलेला दिसला, तर हाच थर आहे असे समजावे. डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणाला किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. कोराडी सोनेगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर आहे. त्या चिमण्या स्पष्ट दिसू लागेपर्यंत मी इंजिन सुरू करत नाही.