घरच्या वर्कशॉपसाठी मिग (सरकत्या वायरने), टिग (टंगस्टनच्या टोकाने) आणि आर्क (रॉडने) अशी तिन्ही प्रकारची वेल्डिंग करणारं एकच वेल्डिंग मशीन घ्यावं का?

जागा कमी असेल आणि काम मुख्यतः लोखंडाचं असेल तर खुशाल घ्या. पण 'टिग' हा शब्द वाचून भुलू नका. अशा बहुतेक मशीनांत टिग फक्त डीसी असतं. त्यावर लोखंड, स्टेनलेस छान होतं, ॲल्युमिनियमला मात्र एसी लागतो. टॉर्चही बऱ्याचदा वेगळी विकत घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट गॅसची. मिगला लोखंडासाठी आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण चालतं, टिगला शुद्ध आर्गॉनच हवा. म्हणजे मशीन एक, सिलिंडर दोन!

प्रोसेस बदलताना पोलॅरिटीही, म्हणजे टॉर्च प्लसला जोडायची की मायनसला, बघावी लागते. मी एकदा गॅसवाली वायर काढून फ्लक्स-कोअर (आत फ्लक्स भरलेली, गॅसशिवाय चालणारी) वायर लावली आणि केबल बदलायची विसरलो. या वायरला टॉर्च मायनसला लागते, ती प्लसलाच राहिली. नुसते शिंतोडे, वेल्डचा पट्टा कसला बसतोय! अर्धा तास वायरलाच शिव्या घालत होतो.

ड्यूटी सायकल नक्की वाचा: 30 टक्के म्हणजे तिथे लिहिलेल्या अँपिअरला दहा मिनिटांत तीनच मिनिटं वेल्डिंग. आणि आतला बोर्ड गेला की तिन्ही कामं एकदम बंद.

फक्त गेट-ग्रिलच करणार असाल तर साधं इन्व्हर्टर आर्क मशीन पुरे.