वाचकांचे प्रश्न : फरक गोंगाटाचा की दुपारच्या उन्हाचा?

प्रश्न : गोंगाटात स्मरण कमी होतं का, हे पाहायला एप्रिलमध्ये एका वर्गाची सकाळी 8 वाजता शांत खोलीत आणि दुसऱ्याची दुपारी 2 वाजता बाजाराच्या आवाजात चाचणी घेतली. फरक भरपूर आला. बहिःस्थ परीक्षक म्हणाले, ‘हा फरक नेमका कशाचा?’ चुकलं कुठे? – बी.ए.ची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : परीक्षकांचं म्हणणं रास्त आहे. परभणीतली एप्रिलची दुपार, जेवणानंतरची सुस्ती, निराळा वर्ग, सगळंच गोंगाटाबरोबर बदललं. आता त्यातून गोंगाटाचा वाटा वेगळा काढता येणार नाही. उकाडा दोघांनाही सारखाच असता तर गुण घसरले असते, पण तुलना टिकली असती. म्हणून प्रत्येक बाह्य चलाच्या, म्हणजे निकालावर परिणाम करू शकणाऱ्या इतर गोष्टीच्या, मागे धावू नका. स्वतंत्र चलासोबत, म्हणजे आपण मुद्दाम बदलतो त्या गोष्टीसोबत (इथे गोंगाट), जे जे बदलतं ते आधी हुडका.

पुन्हा करताना 24 विद्यार्थी घ्या आणि प्रत्येकाची चाचणी दोन्ही स्थितींत घ्या. 20-20 शब्दांच्या दोन याद्या लागतील. आधी शांतता की गोंगाट आणि कोणत्या स्थितीत कोणती यादी, याच्या चार जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या 6 अशा 24 चिठ्ठ्या करा आणि एकेक उचलायला लावा. हजेरीपटाच्या क्रमाने वाटलंत तर मैत्रिणी-मैत्रिणी एकाच गटात येतात. दोन सेकंदांना एक शब्द दाखवा, लिहायला 2 मिनिटं द्या. गोंगाटाची ध्वनिफीत हेडफोनवर ऐकवा. हेडफोन शांत स्थितीतही कानावर हवाच, नाहीतर हेडफोनचा त्रासही गोंगाटाच्या खात्यावर पडेल.

खरी मेख याद्यांत असते. ‘बैल, नांगर, पेरणी’ एका यादीत आले की एकाच्या आठवणीने बाकीचे दोन येतात आणि ती यादी आपोआप सोपी होते. घरी उर्दू किंवा गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्यांना काही मराठी शब्द कमी सवयीचे असतात. ते सर्वांच्या रोजच्या वापरातले आहेत का, हे प्रयोगात नसलेल्या पाच-सहा जणांकडून आधी तपासून घ्या. ध्वनिफितीत स्पष्ट मराठी बोलणं असेल तर नुसता आवाज नव्हे, बोलण्याचा अर्थही आड येतो.

क्रम उलटसुलट केल्याने सराव आणि थकवा दोन्ही स्थितींत सारखे वाटले जातात. मात्र गोंगाटानंतरचा शीण शांत फेरीत उतरत असेल आणि उलट क्रमात तसं होत नसेल, तर हा उपाय लंगडा पडतो. मध्ये 10 मिनिटं सुट्टी ठेवा. तरीही शंका असेल तर दोन स्थितींसाठी चिठ्ठ्यांनी पाडलेले स्वतंत्र गटच बरे.

प्रश्न : मधेच लाइट जाऊन पंखा बंद पडला तर? – बीड

उत्तर : अशी फेरी रद्द, हा नियम प्रयोगाआधीच लिहून ठेवा. गुण पाहून ठरवलंत तर नको असलेल्या फेऱ्याच नेमक्या रद्द होतात.