वाकडची खोली आणि घरातला कापूस

प्रश्न : नाना, नमस्कार. मी पाचोरा तालुक्यातल्या एका खेड्यातली. जळगावला इंजिनिअरिंग केलं, दीड वर्षापासून हिंजवडीत नोकरीला आहे. हातात 36,000 पडतात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता 6,500 आहे, घरी दरमहा 5,000 पाठवते. गेल्या जूनमध्ये बियाणं-खतासाठी 30,000 वेगळे दिले. पीजीत एका खोलीत चौघी राहतो, ते आता सहन होत नाही. वाकडला 14,000 ची वन आरके पाहिली आहे, ऑफिसची बस तिथूनच मिळते. थेरगावात दोन मैत्रिणींसोबत 24,000 चा टू बीएचके घेतला तर माझ्या वाट्याला 8,000 येतील. चिखलीला आत्या राहते, ती म्हणते, फुकट राहा. ऑफिसातले सांगतात, पगाराच्या तीस टक्के भाडं चालतं आणि एचआरएमुळे, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यामुळे, करही वाचतो. आप्पांनी यंदाचा कापूस भाव वाढेल म्हणून घरातच ठेवलाय. ते म्हणतात, ‘डिपॉझिटला लागत असेल तर विकून टाकतो.’ मी किती भाडं द्यावं?

उत्तर : बेटा, आधी शेवटच्या ओळीचं बोलतो. तो कापूस विकायला लावू नकोस. घरात कापूस भरून ठेवला की काय होतं ते तुला माहीत आहे. ओटा, माजघर, देवघराचा कोपरा सगळा पांढरा होतो, पोरांच्या अंगाला खाज सुटते, रात्री पाठ टेकायला जागा शोधावी लागते. इतकं सोसून माणूस थांबतो तेव्हा त्याच्या मनात काही एक हिशेब असतो. तो हिशेब बरोबर की चूक, भाव वाढेल की पडेल, हे तुला-मला कळत नाही. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेनं लोकांनी घरं भरून ठेवली आणि भाव खाली आला. म्हणून कधी विकायचा हे आप्पांनी बाजार बघून ठरवावं. पुण्यातल्या घरमालकाची तारीख बघून नव्हे.

आता भाड्याचं. तीस टक्क्यांचा हिशेब चुकीचा नाही, पण ज्याच्या घरी जून येत नाही त्याच्यासाठी तो आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शाखांमध्ये मी चौतीस वर्षं बँकेचं काम केलं. पगारदार महिन्यानं विचार करतो, शेतकरी हंगामानं. तू दोन्हीकडची आहेस, त्यामुळे तुझं भाडं वर्षाच्या हिशेबातूनच निघायला हवं.

वही घेऊन बस. वर्षाला हातात येतात 4,32,000. कर्जाचे हप्ते 78,000, घरचे 60,000, जूनचे 30,000. हे तिन्ही मिळून 1,68,000 झाले, आणि यातला रुपयाही हलणार नाही असं समज. उरले 2,64,000, म्हणजे महिन्याला 22,000. तुझा खरा पगार हा. भाडं त्या 36,000 वर नाही, या 22,000 वर ठरव.

त्यात जेवण, गॅस, बस, मोबाइल, कपडे, औषधगोळी आणि वर्षातून चार-पाच वेळा पाचोऱ्याची फेरी धर. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आलीस तरी येताना हात रिकामा नसतो. घरी स्वयंपाक केलात तर हे 9,500 त बसावं. 3,000 बाजूला ठेव, आजारपणासाठी आणि नोकरी बदलताना मधे एखादा महिना रिकामा गेला तर त्यासाठी. राहिले 9,500. वीजबिल आणि मेंटेनन्ससकट ही तुझी मर्यादा. तीस टक्क्यांनी ती 10,800 आली असती. फरक महिन्याला 1,300 चा आहे, तो वर्षाचा धर. म्हणजे 15,600 रुपये, तुझ्या जूनचा निम्मा भार.

म्हणजे वाकडची खोली बाद. मला कळतं, दीड वर्ष चौघींत काढल्यावर स्वतःची कडी लावून झोपावंसं वाटतं. ही चैन नव्हे. पण 14,000 दिलेस तर तो साडेचार हजारांचा खड्डा कुठून भरशील? बाजूला ठेवायचे तीन हजार पहिल्याच महिन्यात जातील आणि उरलेले दीड हजार घरच्या पाच हजारांतून. मग जून येईल आणि तू क्रेडिट कार्डावर बियाणं घेशील. असं झालेलं मी कर्जाच्या फायलींमध्ये पाहिलं आहे, फार चांगल्या पोरांच्या बाबतीत.

एचआरएचं एका वाक्यात सांगतो. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही, तुला तो लागतच नाही, तर वाचणार काय? आणि त्या पद्धतीत एचआरएची सवलत मुळात नाहीच.

आत्याचं मात्र सविस्तर सांगावं लागेल. 1986 साली माझी मुंबईला बदली झाली तेव्हा मी कल्याणला मावसभावाकडे उतरलो. चाळीतल्या दोन खोल्या, घरात पाच माणसं, मी सहावा. जाताना ज्वारीचं पोतं नेलं, दर फेरीला केळी, बिबडे, वहिनींसाठी कळण्याचं पीठ. मला वाटायचं, मी कमी देत नाही. गॅलरीत झोपायचो, पहाटे पाचला वळकटी गुंडाळायचो. थोरली पुतणी त्या वर्षी दहावीला होती. एके रात्री पाणी प्यायला उठलो, तर ती मोरीतल्या दिव्याखाली पाट टाकून गणितं सोडवत बसलेली. बाहेरच्या खोलीत दिवा लावला तर काकांची झोप मोडेल, असं तिला घरच्यांनी सांगितलं होतं. पाच महिने मला कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मी डोंबिवलीला खोली घेतली. ते घर मी आधीच सोडायला हवं होतं, ही रुखरुख आजही आहे.

आत्याचं मन मोठं आहे, ते मोठंच राहू दे. आजारी पडलीस, सण आला, तर तिच्याकडे हक्कानं जा. पण मुक्कामाला नको. शिवाय चिखलीहून हिंजवडी, तीही पावसाळ्यातल्या वाहतुकीत, म्हणजे रोजचे अडीच-तीन तास.

तर थेरगाव. पण लगेच नाही. पहिल्या महिन्याचा हिशेब घाल. तुझ्या वाट्याचं भाडं 8,000. मालकानं अडीच महिन्यांचं डिपॉझिट मागितलं तर 60,000, त्यातले तुझे 20,000. एजंट एक महिन्याचं भाडं घेतो, तेही तुला 8,000 ला पडेल. गादी, बादली, कुकर धरून 40,000 च्या आसपास जातं. तेच कापसातून काढायचं आप्पांच्या मनात आहे. त्यापेक्षा पीजीत अजून तीन महिने काढ आणि ही रक्कम स्वतः जमव. तीन महिने लांब वाटतात, पण डिपॉझिट स्वतःचं असलं की घर सोडतानाही ते स्वतःकडेच परत येतं.

घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका, कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जा. पाण्याचं नीट विचारा. पिंपरी-चिंचवडला 2019 पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. आपल्याला पाणी साठवायची सवय आहे, तो प्रश्न नाही. पण सोसायटी टँकर मागवत असेल तर त्याचे पैसे मेंटेनन्समधून निघतात, आणि तो मेंटेनन्स 24,000 त धरलाय की वरून, हे आधीच लिहून घ्या.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा 11 महिन्यांचा होईल. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम 55 प्रमाणे लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं 10 टक्के व्याज धरून मिळवतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. तिघींत वाटलं तर फार नाही. आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या नोंदणी होते. तिघींचीही नावं घाला. एकीच्या नावावर घर आणि दोघी तोंडी, असं केलंत आणि तिचं लग्न ठरलं, तर डिपॉझिट कुणाचं यावरून मैत्री जाते. एक जण मधेच निघाली तर तिचा वाटा किती दिवस कोण भरणार, हेही आपापसात आजच बोलून घ्या.

आणि आप्पांना फोन कर. भाडं 8,000 आहे, डिपॉझिट मी जमवतेय, जूनचे तीस हजार नक्की आहेत, हे तिन्ही आकडे सांग. पुण्यात काय खर्च होतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून ते कापूस काढायला निघालेत.