आतड्याची बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सरची शंका असते का?

तुमच्या आईला वर्षभर जुलाब आहेत, वजन उतरतंय, लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. डॉक्टरांनी एंडोस्कोपीतून लहान आतड्याची बायोप्सी सांगितली आहे. ती टाळून नुसता गहू बंद केला तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बायोप्सीत काढलेले आतड्याचे तुकडे माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेक वेळा प्रश्न कॅन्सरचा नसतो. खाल्लेलं अंगी का लागत नाही, हे शोधायचं असतं.

गहू मात्र तपासणी होईपर्यंत अजिबात सोडू नका. आपल्या घरांत भाकरी असतेच, त्यामुळे 'चपाती बंद करून बघू' हे फार पटकन होतं. सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार असेल, तर गहू थांबल्यावर आतडं हळूहळू सुधारतं, या आजारात रक्तात वाढणाऱ्या टीटीजी अँटीबॉडी उतरतात, आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

तुकडे तांदळाच्या कणीएवढे असतात. डुओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात; त्याच्या दुसऱ्या भागातून किमान 4 आणि अगदी तोंडाशी असलेल्या फुगीर भागातून, म्हणजे बल्बमधून, 1-2 हवेत, कारण इजा सगळीकडे सारखी नसते. आतड्याच्या अस्तरावर व्हिलाय नावाचे बारीक उंचवटे असतात, अन्नरस तेच शोषून घेतात. सीलिअ‍ॅकमध्ये ते झिजून सपाट होतात आणि वरच्या थरात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात; अस्तराच्या 100 पेशींमागे त्या 25 च्या वर गेल्या की मी सावध होते. तुकडा तिरका कापला गेला तर निरोगी व्हिलायही खुजे दिसतात. अशा वेळी मी ब्लॉक (तुकडा बसवलेली मेणाची वडी) सरळ करून पुन्हा काप घ्यायला लावते.

पण व्हिलाय झिजले म्हणजे सीलिअ‍ॅकच, असं नाही. ट्रॉपिकल स्प्रू या उष्ण प्रदेशांतल्या आतड्याच्या आजारातही ते झिजतात, आणि त्याला टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक व फॉलिक अ‍ॅसिड लागतं, गहू सोडावा लागत नाही. म्हणून टीटीजीच्या रिपोर्टशिवाय नुसत्या तुकड्यावर जन्मभराचं पथ्य लावणं मला पटत नाही. जिआर्डिया हा जुलाब करणारा परजीवी मात्र कधीकधी अस्तराला चिकटलेला थेट दिसतो, तिथे वाद उरत नाही.

तुकडा घेताना दुखत नाही. घशात स्प्रे मारतात किंवा झोपेचं इंजेक्शन देतात. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर आधी सांगा. आणि बायोप्सीच्या फॉर्मवर टीटीजीचा आकडा आणि 'गहू चालू आहे' एवढं डॉक्टरांना लिहायला सांगा. बऱ्याच फॉर्मवर फक्त 'जुलाब' लिहिलेलं असतं.